पाट्याची दुसरी फाक

ज्यांना माफ करता येतं त्यांनी खुशाल करावं. माझी मावशी गोमतीबाई त्यातली नाही, आणि तिची भाची म्हणून मीही नाही. रामकिसनवर आम्ही दोघींनी डूख धरला तो धरलाच. तो फेडला तेव्हा चैत्राच्या उन्हात, भर गावासमोर फेडला. हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं. बरं वाटू नये असं दोघा-तिघांनी मला सुचवून पाहिलं, त्यांना मी चहा पाजून वाटेला लावलं.

मावशीचं गाव किन्हीराजाच्या पुढे, नाल्याच्या काठाला. मी मंगरूळपीरला शाळेत भूगोल शिकवते. कॉलेजात असताना अमरावतीला भूगर्भशास्त्र घेतलं होतं, तेव्हा घरचे हसले होते. पोरगी दगड शिकून काय करणार? मावशी तेवढी हसली नव्हती. ती म्हणाली होती, "शीक माय. माणसाईपेक्षा दगड खरे बोलतेत."

मावशीकडे मिक्सर आहे. मीच दिवाळीत नेऊन दिला. तो फळीवर बसून असतो आणि चटणी पाट्यावर वाटली जाते. तो पाटा साधा नाही. मावशी लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या सासऱ्यांनी नाल्याजवळच्या पट्टीत विहीर खोदली. काळी माती गेली, मुरूम गेला, मग काळा फत्तर लागला तो सुरुंगाने फोडला, आणि त्याच्या अगदी तळाला, तांबड्या गेरूचा थर लागायच्या जरा वर, एक वेगळाच गोटा निघाला. रंग काळाच, पण अंगात पांढऱ्या गारगोटीच्या नळ्या. बोटाएवढ्या जाड, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या, आणि प्रत्येक नळीच्या कडेला हिरवट रेघ. सासऱ्यांना तो फोडून भरावात टाकवेना. त्यांनी पाथरवट बोलावला. त्याने गोट्यावर ओळीने खाचा पाडल्या, खाचांत पाचरी ठोकल्या, आणि गोटा सरळ दोन फाकांत उघडला. एका फाकेचा नव्या सुनेसाठी पाटा झाला. दुसरी फाक वरच्या अंगाच्या धुऱ्यावर, म्हणजे आमचं वावर जिथं संपतं आणि रामकिसनच्या घराण्याचं सुरू होतं त्या बांधावर, हद्दीचा दगड म्हणून उभी केली.

धुऱ्याच्या दगडाला आमच्याकडे मान असतो. पेरणीची तिफण वावरात जायच्या आधी त्याला हळदकुंकू लागतं, त्याच्यापुढे नारळ फुटतो. आणि एकदा हळदकुंकू लागलेला दगड कोणी फोडत नाही, फेकत नाही, पायरीला लावत नाही, खोट्या हद्दीवर रोवत नाही. गावातला कितीही बेरकी माणूस असो, एवढं तो पाळतो. रामकिसन बेरकी होता आणि त्यानेही ते पाळलं, म्हणून तर हे सगळं घडलं.

मी अमरावतीला होते त्या दिवसांत रामकिसनला संत्र्याची बाग लावायची होती. त्याचं वावर टेकडीच्या उतारावर, वरून खडकाळ, पाण्याचं नाव नाही. आमची नाल्याजवळची पट्टी, तिच्यातल्या विहिरीसकट, त्याच्या डोळ्यांत सलत होती. त्या उन्हाळ्यात मावशी आणि काका म्हणजे उकंडराव एका लग्नाला वाशीमला गेले. परत आले तर धुऱ्यावर दगड होता, पण विहिरीच्या खालच्या अंगाला. विहीर हद्दीपलीकडे गेली होती. बांधही नवा घातलेला, ट्रॅक्टरने.

काकांनी ओरडा केला. मोजणी झाली. मोजणीवाल्यांनी उभा दगड जुनी खूण म्हणून धरला आणि तिथूनच मापं टाकली. काका त्यांना सांगत राहिले की हा दगडच तो नाही, त्याच्या अंगात पांढऱ्या नळ्या होत्या. त्यांनी विचारलं, मग तो दगड कुठे आहे?

मग रामकिसनने डाव टाकला. गावातली जाणती माणसं धुऱ्यावर जमवली. फुलचंद महाराज होते, ज्यांच्या शब्दावर गावात भांडणं मिटत. रामकिसन हात जोडून म्हणाला, "माह्या मनात काई नाई. हे भाऊ म्हणतेत का म्या दगड बदलला. मी म्हणतो, यायनंच मांगं कधी सरकवला अशीन, आता मोजणीत सापडले. उकंडरावनं या दगडावर हात ठेवाव अन् म्हणाव का म्या धुरा सरकवला नाई. विषय संपला."

काका दगडापर्यंत गेले. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"दगडच खोटा हाये," ते म्हणाले, "तं त्याच्यावर हात ठेवून खरं कसं बोलू?"

एवढंच बोलले. दुसरा कोणी असता तर हात ठेवून मोकळा झाला असता. पण लोकांनी काय पाहिलं? लोकांनी हात मागे घेतलेला पाहिला. फुलचंद महाराजांनी मान हलवली, आणि त्या दिवसापासून उकंडराव हद्द सरकवणारा ठरला. दगडचोर. पारावर त्याच्या शेजारी बसलेला माणूस काहीतरी काम आठवून उठायचा. काकांनी पारावर जाणं सोडलं, मग देवळात जाणं सोडलं, मग जेवणही पुरतं सोडलं. ते आजारी होते असं डॉक्टर म्हणाले. कसला आजार ते मला आणि मावशीला ठाऊक आहे.

त्यांच्या तिरडीला रामकिसनने खांदा दिला. पुढून, उजव्या बाजूने. दारातून मी ते पाहिलं. मावशीनेही पाहिलं. ती तेव्हा रडत होती, आणि रामकिसनने दांडी खांद्यावर घेतली त्या क्षणी तिचं रडणं थांबलं. नंतर कधी ती रडलेली मी पाहिली नाही.

वर्षश्राद्धाला मी आले तेव्हा दुपारी एकटीच धुऱ्यावर गेले आणि त्या दगडाच्या बुडाशी खुरप्याने माती उकरली. वर्षानुवर्षं मातीत उभ्या असलेल्या काळ्या दगडाला तपकिरी साल धरते. पाऊस, ऊन, मातीतला ओलावा यांनी दगड बाहेरून कुजत जातो, ती साल. याला साल नव्हती. आतून-बाहेरून सारखा काळा कुळकुळीत, बारीक कणांचा, धारदार कडांचा. त्यावरून एवढं कळत होतं की हा लाव्ह्याच्या प्रवाहाच्या पोटातला, जिथं बुडबुडे पोचत नाहीत तिथला दगड आहे, आणि नुकताच पोटातून बाहेर निघालेला. बुडाशी एका बाजूला गोल अर्धी नळी कोरलेली दिसली. ती खाणीतल्या ड्रिलची. मावशीच्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात ड्रिल पाहिलं नव्हतं.

मी फुलचंद महाराजांना सांगितलं. महाराजांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तू शिकेल हाये. पण मंग खरा दगड दाखव ना. तो कुठी हाये?"

पुन्हा तोच प्रश्न. सगळं त्या एका दगडावर येऊन अडत होतं. तो मिळाला तर काका खरे, नाही मिळाला तर काका मेल्यावरही चोर. आम्ही नाला धुंडाळला, विहिरीत गळ टाकून पाहिला, त्याच्या गोठ्याच्या भिंतींवरून नजर फिरवली. मावशी तर मजुरीला जाईल तिथले दगड चाचपायची. मला वाटायचं, फोडून खडी केली असेल त्याने. मावशी म्हणायची, "नाई. हळदकुंकवाचा होता तो. त्याची छाती होत नाई."

आणि या सगळ्या दिवसांत रामकिसनच्या वावरात एक म्हसोबा प्रसिद्ध झाला होता. नांगरताना सोताहून निघाला असं त्यानेच सांगितलं होतं. टेकडीच्या उतारावर, कडुनिंबाखाली, शेंदराने माखलेला, चांदीचे डोळे लावलेला. दर चैत्रात एका शनिवारी तिथं रोडग्यांचा कार्यक्रम होई. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि सारं गाव जेवायला. मावशी आधी जात नसे. मग जाऊ लागली. न गेलं तर लोक म्हणणार, चोराची बायको देवालाही तोंड दाखवत नाही.

ज्या वर्षी मी तिच्यासोबत गेले त्या वर्षी हे झालं. मावशी म्हसोबापुढे वाकली. गुडघे दुखतात तिचे, उठताना आधार म्हणून तिने देवाच्या मागच्या अंगाला, बुडाशी हात टेकला. तिथं शेंदूर पातळ होता. ती तशीच वाकून राहिली. मला वाटलं चक्कर आली.

"नीलिमा, हात दे मले उठाले," ती म्हणाली. तिची पकड एवढी घट्ट होती की माझ्या मनगटावर बोटं उमटली. ती जेवली. दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. रामकिसनला म्हणाली, "भाऊजी, वांग्याची भाजी झ्याक झाली." मी बघत राहिले.

बांधावरून परत येताना ती बोलली. "माह्या पाट्याच्या खाचा हायेत त्या."

"कुठी?"

"म्हसोबाले. मांगून. रोज पाटा धुतो, त्याच खाचाईत बोटं घालून उचलून भितीले लावतो मी. माह्या बोटाईले सांगा लागते का?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याने दगड फोडला नव्हता, फेकला नव्हता. पापाची भीती वाटली म्हणून त्याने चोरीचा माल देव करून ठेवला होता. कोण हात लावणार देवाला! आणि माझी मावशी स्वतःच्याच धुऱ्याच्या दगडापुढे, नवऱ्याला चोर ठरवणाऱ्याच्या वावरात, नारळ फोडत आली होती.

"मंग चाल वापस!" मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता, सगळ्याईच्या समोर!"

"गप राय. देवाचा शेंदूर खरवडाले गेलो तं लोकं आपल्यालेच चेचतीन." ती चार पावलं चालली आणि थांबली. "त्यानं देव केला ना? मंग मी भक्तीण होतो."

पुढच्या शनिवारपासून मावशी म्हसोबाला तेल घालू लागली. तिळाचं, कोमट करून नेलेलं. शेंदराचं कवच थरावर थर चढून कडक होतं. आपलं वजन पेलवेनासं झालं की कधी कधी जुन्या देवांचं कवच आपोआप गळून पडतं, याला लोक देवाने खोळ सोडली म्हणतात आणि शुभ मानतात. तेल दगड आणि कवच यांच्या फटीत उतरत राहिलं, तर ते लवकर सुटणार होतं. मी फोनवर सांगायचे, वरून ओतू नको, कडेने घाल, मागच्या अंगाने. ती तसंच घालायची. आणि घालताना ओठ हलवायची. बायका म्हणू लागल्या, गोमती जप करते. जप कसला! रामकिसनच्या सात पिढ्यांचा उद्धार चालायचा तिथं, त्याच्याच देवापुढे, त्याच्याच कडुनिंबाखाली. एकदा मी जवळ उभी राहून ऐकलं आणि मला पदर तोंडात धरावा लागला.

रामकिसनला कोण आनंद! चोराची बायको आपल्या देवाच्या पायाशी आली. तो गावभर सांगायचा, "वयनीचं मन देवानं वळवलं." एका शनिवारी त्याने तिला प्रसादाचा नारळ दिला आणि म्हणाला, "झालं गेलं गंगेले मिळालं, वयनी."

"हो भाऊजी," मावशी म्हणाली. "देव सारं पाहून राह्यला."

पावसाळा गेला, थंडी गेली. होळीनंतर मावशीचा फोन आला. "टिचकी मारून पायली. पोकळ वाजते." मी शाळेत होते, मुलांच्या वह्या समोर. मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

रोडग्यांच्या शनिवारी मावशीने तयारी करून ठेवली होती. रामकिसनला आधीच सांगून ठेवलं की यंदा प्रसादाचा ठेचा मी पाट्यावर वाटून देतो, मिक्सरच्या ठेच्यात देवाचं मन लागत नाही. त्याला ते पटलं. त्याच्याच बैलगाडीतून, त्यानेच पाठवलेल्या माणसांनी आमचा पाटा उचलून कडुनिंबाखाली आणून ठेवला. ती मिरच्या वाटत बसली. गाव जमलं होतं. आर पडला होता, रोडगे राखेत होते. फुलचंद महाराज सतरंजीवर लोडाला टेकून बसले होते.

अभिषेकाची वेळ झाली. मावशी हात न थांबवता म्हणाली, "भाऊजी, यंदा गरम पाणी घाला. लई तेल बसलं देवाच्या अंगाले, माह्या हातानं."

रामकिसनने चुलीवरचं पाणी तांब्यात घेतलं आणि देवाच्या डोक्यावर धरलं. पहिल्या तांब्याला काही झालं नाही. दुसऱ्याला डोक्यापासून खाली एक चीर गेली. तिसरा तांब्या ओतताना कवच सुटलं आणि चांदीच्या डोळ्यांसकट त्याच्या पायांवर येऊन पडलं.

"खोळ सोडली! देवानं खोळ सोडली!" बायकांनी हात जोडले. कोणीतरी हळद आणायला पळालं. रामकिसनने मात्र हात जोडले नाहीत. तो तांब्या धरून उभा होता आणि दगडाकडे बघत होता. दगड काळा होता, आणि त्याच्या सपाट अंगावर पांढऱ्या नळ्या, तिरप्या, हिरव्या कडांच्या, तेलाने लखलखत होत्या.

मावशी उठली. पाट्यावरचा ठेचा तिने हाताने निपटून ताटात काढला, पाणी ओतून पाटा धुतला. मग मला म्हणाली, "धर." आम्ही दोघींनी पाटा उभा केला आणि त्या दगडाच्या तोंडाला तोंड लावला. पाट्याचा मधला भाग वाटून वाटून खोलगट झाला आहे, पण कडा तशाच आहेत. खाचेला खाच लागली. पाचरीची एकेक अर्धी खाच दुसऱ्या अर्धीला मिळून पुरी झाली. पाट्याच्या कडेशी तुटलेली पांढरी नळी दगडात पुढे गेली, मध्ये केसाएवढीही फट नव्हती.

आरावर एक रोडगा जळत होता, त्याचाही वास कोणाला आला नाही. जुन्या बायकांना मावशीचा पाटा ठाऊक होता. दगड कोणाचा हे त्यांनी आधी ओळखलं.

रामकिसनचं डोकं चालतं, ते मी नाकारत नाही. तो म्हणाला, "देवाची करनी हाये ही! तसाच दगड माह्या वावरात निघाला. एकासारखे दोन दगड रायत नाईत का?"

तेव्हा मी बोलले. मुलांना शिकवते तसंच बोलले, फक्त आवाज माझा मला ओळखू येत नव्हता. मी म्हणाले, लाव्हा उकळत वाहतो तेव्हा त्याचा फेस माथ्याला जमतो, उतू जाणाऱ्या आंबिलीसारखा. म्हणून माथ्याचा दगड भोकाभोकांचा होतो. तुमच्या या उतारावर सगळा तोच दगड आहे, पायाखाली बघा. लोकांनी पायाखाली पाहिलं. माथा आणि तळ यांच्या मधला दगड घट्ट असतो, आज धुऱ्यावर उभा आहे तसा. आणि लाव्हा ओल्या जमिनीवरून गेला तर खालची वाफ त्याच्या बुडात घुसून वर चढते, तिच्या अशा नळ्या होतात. लाव्हा ज्या बाजूला सरकत असतो त्या बाजूला त्या झुकतात. मागून पाणी मुरून नळ्यांत ही पांढरी गारगोटी भरते. म्हणजे नळ्यांचा दगड फक्त तळाला सापडतो, तांबड्या गेरूच्या लगत. नांगराच्या फाळाला तो इथं लागणं शक्य नाही. या शिवारात तो तळ एकाच ठिकाणी उघडा आहे, आमच्या विहिरीत. चैत्र आहे, पाणी खाली गेलं आहे. जाऊन बघा.

फुलचंद महाराज उठले. काठी टेकत, दोन माणसं घेऊन विहिरीवर गेले. आम्ही उन्हात उभ्या राहिलो. रामकिसनला कोणीतरी सतरंजीवर बसायला सांगितलं, तो बसला नाही. महाराज परत आले तेव्हा त्यांनी रामकिसनकडे न बघता मावशीकडे पाहिलं.

"गेरूच्या वर तशाच नळ्या हायेत," ते म्हणाले. "त्याच अंगाले झुकल्या."

मावशी रामकिसनच्या समोर जाऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हात ठेच्याने हिरवे. इतके दिवस ती त्याला भाऊजी म्हणत होती.

"रामकिसन," ती म्हणाली, "आता बोल. हा सोताहून निघाला का तू आणला?"

"वयनी, लोकाईसमोर..."

"लोकाईसमोरच. सोताहून निघाला म्हन. मंग हा माह्या धुऱ्याचा दगड देवानं उचलून इथं ठेवला, म्हनजे देवानंच माहा धुरा इथं आणला. इथून खाली सारं माह्यं. तुहा गोठा, तुही बाग, सारं. देवाची करनी हाये ना? नाई तं म्हन, म्या आणला."

मी अमरावतीला जे शिकले त्यात हे नव्हतं. हे तिने एकटीने, तेल घालता घालता, शनिवारमागून शनिवार रचलं होतं. रामकिसनने फुलचंद महाराजांकडे पाहिलं, महाराजांनी मान खाली घातली होती. त्याने आपल्या संत्र्याच्या झाडांकडे पाहिलं. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि मी, मास्तरीण बाई, लहान मुलांना दया शिकवणारी, मनात म्हणत होते, अजून थोडा वेळ लाव, अजून थोडा.

"म्या आणला," तो म्हणाला.

"कुठून?"

"धुऱ्यावरून."

"कोनाच्या?"

"उकंडरावच्या."

"हात ठेव त्याच्यावर. मंग म्हन. जोरात. माह्या माणसाले कमी ऐकू येत होतं."

त्याने हात ठेवला आणि म्हटलं. मागे बसलेल्या बायकांनाही ऐकू गेलं. फुलचंद महाराज मावशीला काहीतरी समजावू लागले, आता त्याने कबूल केलं, आता देव साक्ष आहे, आता पुरे. मावशीने त्यांना हाताने थांबवलं.

"माह्या माणसाले यानं खांदा देला होता," ती म्हणाली. "मले तो परत करा लागते. बल्ली आणा."

दोन बल्ल्या, लांब लाकडी वासे, आणले. दगड मध्ये दोराने बांधला, तिरडीवर बांधतात तसाच. माणसं पुढे झाली, कारण दगड जड होता आणि झालं ते झालं असं सगळ्यांना वाटत होतं. मावशीने रामकिसनला पुढे, उजव्या बाजूला उभं केलं. बाकीच्यांनी जागा धरल्या. उतारावरून खाली जुन्या धुऱ्यापर्यंत बरीच वाट आहे, नांगरटीची, ढेकळांची. तिरडीला खांदेकरी वाटेत बदलतात, तसे इथंही बदलले. रामकिसननेही थांबून बल्ली डाव्या खांद्यावर घ्यायला पाहिली.

"तू नाई," मावशी मागून म्हणाली. "तुनं खांदा बदलाचा नाई."

त्याने बदलला नाही. सदरा फाटला, खांदा सोलला, मी मागून चालत ते बघत होते. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. मला काकांचा मागे घेतलेला हात दिसत होता आणि वाट अजून लांब असती तर बरं झालं असतं.

दगड जुन्या जागी उभा राहिला. खाणीचा दगड उपटून नाल्यात गेला. पुढे रीतसर मोजणी झाली, सह्या झाल्या, पट्टी आणि विहीर मावशीकडे आली, ते सगळं ज्याला महत्त्वाचं वाटतं त्याने विचारावं. दगड उभा करताना फुलचंद महाराजांनी कुंकवाची डबी पुढे केली. मावशीने ती घेतली नाही.

"नोको," ती म्हणाली. "कुंकू लावलं तं लोकं पाया पडतीन, अन् पाया पडतानी वर पाहात नाईत."

तिने दगड फिरवून घेतला. पाचरीच्या खाचांची कड रामकिसनच्या पायवाटेकडे केली. त्याच्या बागेत जायची जवळची वाट तिथूनच आहे. संध्याकाळी मावशी विहिरीच्या काठावर बसते. तो बागेकडे निघालेला लांबून दिसतो, धुऱ्याच्या अलीकडे थांबतो, आणि नाल्याकडून फिरून जातो. पावसात नाल्याला पाणी असतं तेव्हा गुडघ्यापर्यंत धोतर वर धरून जातो. तो पलीकडे चढेपर्यंत मावशी बघत राहते, मग घरी येऊन पाट्यावर चटणी वाटायला बसते.